खनिजाच्या वाटेने सिल्व्हरटन : सॅन वान डोंगरांत चार दिवस कसे काढावेत

कोलोरॅडोला येणारी आपली मंडळी डेन्व्हरला उतरतात, रॉकी माउंटन नॅशनल पार्क बघतात, फार तर गार्डन ऑफ द गॉड्सला जाऊन येतात आणि परत फिरतात. राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यातले सॅन वान डोंगर राहून जातात, कारण डेन्व्हरहून तिथवर गाडीने साडेसहा-सात तास मोडतात. एवढं लांब जायचं तर चार दिवस हाताशी ठेवूनच जा. आणि एक ऐका : तिथे 'स्पॉट' करत फिरू नका. डोंगरातून निघालेलं खनिज ज्या वाटेने खाली यायचं, ती वाट धरून हा मुलूख बघा. वर खाण, तिच्याखाली मिल (खनिज दळून धातू वेगळा काढायचा कारखाना), मग सिल्व्हरटन गाव, मग छोटी रेल्वे, आणि शेवटी ड्युरँगोची भट्टी. इथला प्रत्येक रस्ता, प्रत्येक पूल, इतकंच काय पाण्याचा रंगसुद्धा या वाटेमुळे आहे. हे एकदा लक्षात आलं की मोडक्या लाकडांचा ढीगही बोलायला लागतो.

मी बल्लारपूरची. बाबा कोळशाच्या खदानीत होते. आमच्या घरात दिवस घड्याळावर नाही, पाळीवर चालायचा. त्यामुळे इथल्या खाणी बघताना मला आधी त्यात उतरणारी माणसं दिसतात. पाहुणे आले की मी त्यांना इकडे घेऊन येते, आणि दर वेळी तेच तेच सांगावं लागतं, म्हणून आता सगळं एकदा लिहूनच काढते.

आधी उंचीचं बोलू, कारण सहलीचा विचका होतो तो इथेच. कळसूबाई साधारण ५,४०० फूट. ड्युरँगो शहरच साडेसहा हजार फुटांवर आहे, सिल्व्हरटन ९,३१८ फुटांवर, आणि त्याच्या वरचं ॲनिमस फोर्क्स हे ओसाड गाव ११,२०० फुटांवर, म्हणजे केदारनाथच्या जवळपास. मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाला डेन्व्हरहून थेट सिल्व्हरटनला नेऊन झोपवू नका. पहिली रात्र ड्युरँगोला काढा. पाणी पीत राहा, पहिल्या दिवशी दारू नको, जिने-चढ सावकाश. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, तर गोळी घेऊन वर रेटायचं नाही, खाली उतरायचं. सिल्व्हरटनमध्ये हॉस्पिटल नाही, त्यासाठी ड्युरँगोलाच यावं लागतं. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲनिमस फोर्क्सचा बेत करू नये. आणि स्वयंपाकघर असलेली खोली घेणार असाल तर कुकर बरोबर न्या. सिल्व्हरटनला पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, तूरडाळ उघड्या पातेल्यात तासन्‌तास शिजत नाही.

हंगाम जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत. त्याआधी वरच्या रस्त्यांवर बर्फ असतो. रानफुलं हवी असतील तर जुलैचा उत्तरार्ध. मला स्वतःला सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आवडतो : ॲस्पेनची झाडं पिवळीधमक होतात, गर्दी ओसरते, विजाही कमी. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र जवळजवळ रोज दुपारी ढग जमतात आणि विजा कोसळतात. म्हणून नियम एकच : उघड्या डोंगरावरचं सगळं सकाळी, आणि बाराच्या ठोक्याला झाडांच्या रेषेच्या (जिच्या वर झाडं उगवत नाहीत तिच्या) खाली. दुपारसाठी छपराखालच्या किंवा जमिनीखालच्या गोष्टी राखून ठेवा. हिवाळ्यात इथे हिमकडे कोसळतात, नवख्याने तेव्हा या भानगडीत पडू नये.

आता गाडी. सिल्व्हरटन ते उत्तरेकडचं युरे गाव हा हायवे ५५० चा तुकडा 'मिलियन डॉलर हायवे' म्हणून ओळखला जातो. रेड माउंटन पास ११,०१८ फुटांवर आहे, आणि युरेच्या वरच्या दरीत रस्त्याला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. बर्फ काढणाऱ्या गाड्यांना बर्फ दरीत ढकलायला वाट लागते, म्हणून. अमेरिकेत गाडी उजवीकडून चालते, त्यामुळे युरेहून दक्षिणेला येताना तुम्ही दरीच्या कडेला असता आणि सिल्व्हरटनहून उत्तरेला जाताना डोंगराच्या कडेला. चालवणाऱ्याला दरीची भीती वाटत असेल तर सहल ड्युरँगोहून सुरू करा आणि युरेकडून बाहेर पडा. ज्यांनी वरंध घाट किंवा आंबोली पावसात चालवली आहे त्यांना हा रस्ता जड जाणार नाही. पण अंधारात आणि बर्फात नकोच.

सिल्व्हरटनहून ॲनिमस फोर्क्स १२ मैल, कच्च्या रस्त्याने. युरेका या जुन्या वस्तीपर्यंत साधी गाडी हळूहळू जाते. त्यापुढे दगड वाढतात, तिथे उंच चेसिसची गाडी लागते. सिनॅमन पास (१२,६४० फूट) आणि इंजिनिअर पास (१२,८०० फूट) ओलांडणारा 'अल्पाइन लूप' करायचा तर फोर बाय फोरच हवी. विमानतळावरून भाड्याने घेतलेल्या गाडीचा करार नीट वाचा. बहुतेक करारांत कच्च्या डोंगरी रस्त्याची मनाई असते आणि टायर फाटला तर भुर्दंड तुमच्या बोकांडी बसतो. सिल्व्हरटन आणि युरेला जीप दिवसभरासाठी भाड्याने मिळते, ती घ्या. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, उतरताना खालच्या गिअरमध्ये ठेवायची, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही. हे आपल्या घाटांतलंच शहाणपण आहे. निघण्यापूर्वी नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, वर सिग्नल मिळत नाही.

ॲनिमस फोर्क्सला सकाळी आठच्या आत पोचा. त्या वेळी तिरपं ऊन फळ्यांच्या भेगांतून आत येतं आणि गर्दी नसते. इथलं पहिलं लाकडी घर १८७३ चं. दहा वर्षांत वस्ती साडेचारशेवर गेली, गावाचं स्वतःचं वर्तमानपत्र निघत होतं, आणि थंडी सुरू झाली की बहुतेक लोक मुक्काम सिल्व्हरटनला हलवायचे. १८८४ च्या हिमवादळाने २३ दिवस उसंत घेतली नाही. एका घरातून दुसऱ्या घरात जायला लोकांनी बर्फात बोगदे खणले. १८९१ ला आग लागली, पुढे खाणी थंडावल्या, आणि १९२० च्या दशकात गाव रिकामं झालं. आज सरकारने छपरं दुरुस्त करून घरं उभी ठेवली आहेत आणि त्यांत मोकळेपणी जाता येतं.

डंकन यांचं घर बघाच. १८७९ चं. पुढे काढलेली तीन बाजूंची खिडकी आहे, जशी शहरातल्या बंगल्याला असते. एवढ्या उंचीवर, जिथे काच खेचराच्या पाठीवरून आणावी लागली असेल, तिथे कुणाला तरी बाहेर बघत बसायला जागा हवी होती. आत भिंतीला हात लावून बघा : फळीवर फळी, आणि मधल्या फटी बुजवायला काय काय डकवलेलं. मी पाहुण्यांना इथे अर्धा तास मोकळं सोडते. कुणी काही सांगायची गरज नसते.

या गावाच्या अवतीभवती डोंगरात भोकं दिसतील. त्यांत पाऊलसुद्धा टाकू नका. हे मी खाणीत काम करणाऱ्याच्या घरातून आलेय म्हणून कळकळीने सांगते. बाबा रोज पाळीच्या सुरुवातीला दांड्याने छत ठोकून आवाज ऐकायचे. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर खाली कुणी थांबायचं नाही. सोडून दिलेल्या खाणीत शंभर वर्षांत ते छत कुणी ठोकलेलं नाही. टेकू कुजलेले असतात, जमिनीतल्या खड्ड्यावर पाणी साचून तो दिसेनासा होतो, आणि आतल्या हवेत प्राणवायू कमी असेल तर नाकाला काहीच कळत नाही, माणूस सरळ कोसळतो. तसंच, गंजके डबे, खिळे, रुळाचे तुकडे जिथे आहेत तिथेच राहू द्या. सरकारी जमिनीवरच्या या जुन्या वस्तू उचलणं गुन्हा आहे. बऱ्याच खाणींची जमीन खासगीही आहे, तेव्हा पाटी दिसली की मागे फिरा.

परतताना युरेकाला थांबा. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत आलेला काँक्रीटचा प्रचंड पाया दिसतो, तो सनीसाइड मिलचा. मिल नेहमी उतारावरच बांधत. खनिज वरून घ्यायचं आणि वजनानेच एकेक टप्पा खाली सरकू द्यायचं, उचलायचा खर्च वाचतो. हे नुसत्या पायावरून समजायला कठीण जातं, म्हणून पुढे मेफ्लॉवर मिल बघायची. ती अजून आतल्या यंत्रांसह उभी आहे.

मेफ्लॉवर मिल सिल्व्हरटनच्या अलीकडे दोन मैलांवर. १९२९ ला बांधलेली, १९९१ पर्यंत चाललेली. रस्त्यावर मान वर करा : रोपवेचे तार आणि त्यांना लटकलेल्या लोखंडी बादल्या दिसतात. समोरच्या घळीतल्या खाणीतून भरलेल्या बादल्या खाली यायच्या आणि आपल्या वजनाने रिकाम्या वर खेचायच्या. कामगारही त्याच बादल्यांत बसून कामावर जायचे. उन्हाळ्यात तिकीट काढून आपले आपण फिरता येतं. आत गेलात की क्रम सोडू नका. आधी दगड फोडणारं यंत्र, मग पोलादी गोळ्यांनी भरलेली फिरती पिंपं, ज्यांत दगडाचं पीठ होतं. मग फेसाच्या टाक्या. पिठाचा रबडा, त्यात थोडी रसायनं, खालून हवा. धातूचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात, फेस काढून घ्यायचा, बाकीचं फेकायचं. शिसं, जस्त, तांबं, चांदी, सोनं, सगळं या फेसातून निघायचं. फेकलेला गाळ कुठे गेला, हे विचारायला विसरू नका. बाहेर रस्त्यालगत जी सपाट माथ्याची करडी टेकाडं दिसतात, ती त्याचीच.

दुपारी ढग भरून आले की ओल्ड हंड्रेड खाण. सिल्व्हरटनपासून पाच मैलांवर, कनिंगहॅम घळीत. विजेवर चालणारी छोटी गाडी तुम्हाला डोंगराच्या पोटात एक तृतीयांश मैल घेऊन जाते. डोक्यावर हेल्मेट, अंगात रेनकोट. आत बाराही महिने नऊ अंश, तेव्हा ऑगस्टमध्येही स्वेटर घ्या. खाणीत काम केलेली माणसं तिथे यंत्रं प्रत्यक्ष चालवून दाखवतात. कोरड्या ड्रिलचा आवाज ऐकताना एक गोष्ट ध्यानात ठेवा : सुरुवातीच्या या ड्रिलला कामगारांनी 'विधवा करणारी' असं नाव ठेवलं होतं, कारण उडणारी दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसायची. पुढे ड्रिलमधून पाणी सोडायची सोय आली तेव्हा धूळ दबली. इथे मी हमखास रेंगाळते ती खाणकामगारांच्या मेणबत्तीदाणीजवळ. वीतभर लांबीची लोखंडी सळई, एका टोकाला अणी, मध्ये मेणबत्ती धरणारी कडी, वर एक आकडा. अणी लाकडी टेकूत ठोकायची, आकडा टोपीला अडकवायचा. एवढ्याशा उजेडात दहा-दहा तास. बाहेर आल्यावर वर कड्याकडे बघा, कामगारांचं राहायचं घर कड्याला अक्षरशः डकवल्यासारखं उभं आहे.

पाण्याचा रंग आता तुमच्या लक्षात आलाच असेल. ओढ्यांतले दगड नारिंगी दिसतात. डोंगरात पायराइट म्हणजे लोह-गंधकाचं खनिज आहे. त्याला हवा आणि पाणी लागलं की गंधकाचं आम्ल तयार होतं, लोह सुटतं आणि दगडांवर बसतं. थोडंफार हे निसर्गतःच होतं, रेड माउंटनचे लाल कडे त्यामुळेच. पण खाणींनी डोंगर आतून उघडा केला आणि हे कितीतरी वाढलं. ५ ऑगस्ट २०१५ रोजी, पर्यावरण खात्याच्या कामादरम्यान गोल्ड किंग खाणीचं तोंड फुटलं आणि सुमारे ३० लाख गॅलन दूषित पाणी सुटलं. ॲनिमस नदी ड्युरँगोपर्यंत आणि त्याच्याही पुढे मोहरीच्या रंगाची झाली. पुढच्या वर्षी इथल्या ४८ ठिकाणांना मिळून प्रदूषित जागा साफ करायच्या राष्ट्रीय यादीत घेतलं गेलं. म्हणून ओढ्याचं पाणी गाळूनसुद्धा पिऊ नका. साधा फिल्टर विरघळलेले धातू अडवत नाही. पाणी गावातूनच भरून न्या.

सिल्व्हरटनच्या वर अँव्हिल डोंगरावर येशूचा संगमरवरी पुतळा आहे, १९५९ चा. संध्याकाळी पायी वर जा, गाव नकाशासारखं दिसतं. गावकरी तिथे एक हकीकत सांगतात. ४ जून १९७८ च्या संध्याकाळी सनीसाइड खाणीच्या वरचं एमा तळं तळातून फुटलं आणि अख्खं तळं चिखलासकट खाणीतून वाहत खाली ग्लॅडस्टनला बाहेर पडलं. रविवार होता, आत कुणी नव्हतं. गावकरी ही त्या पुतळ्याची कृपा मानतात. बाबांना हे सांगितलं तर त्यांनी पहिलं विचारलं, ''अगं, रविवारी पंपवाला तरी असतोच ना आत?'' तोही नव्हता. ज्या घरातून कुणीतरी खाली जातं, त्या घरातला माणूस पुतळ्याच्या पायाशी ठेवलेल्या फुलांकडे वेगळ्या नजरेने बघतो.

गावात ग्रीन स्ट्रीटची जुनी दुकानं, १९०२ चा तुरुंग आणि त्याला लागून असलेलं खाणींचं संग्रहालय एका दुपारात होतं. हिलसाइड स्मशानभूमीसाठी वेगळा तास काढा. १९१८ ची तारीख दगडामागून दगडावर येते. आपल्याकडे जी मानमोडीची (फ्लूची) साथ आली, तीच. आणि कामगारांची जन्मगावं वाचा : कॉर्नवॉल, इटली, स्वीडन. यात न दिसणारे म्हणजे यूट लोक. हे डोंगर त्यांचे होते. १८७३ च्या ब्रूनो करारात खाणींचा हा सगळा पट्टा त्यांच्याकडून काढून घेतला गेला. त्यांचं म्हणणं त्यांच्याकडूनच ऐकायचं तर ड्युरँगोजवळच्या इग्नासिओला सदर्न यूट संग्रहालय आहे, येता-जाता नक्की थांबा.

मुंबईकरांसाठी इथे एक धागा आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. पूर्वी कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या टाकसाळीत जावं आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत अशी मुभा होती, आणि जगातली कितीतरी चांदी अशी हिंदुस्थानात जिरत होती. २६ जून १८९३ रोजी ब्रिटिश सरकारने ती मुभा काढून घेतली. चांदीचा भाव काही दिवसांत कोसळला आणि महिना संपायच्या आत कोलोरॅडोच्या चांदीच्या खाणी बंद पडू लागल्या. त्या वर्षअखेर अमेरिकन सरकारनेही चांदीची खरेदी थांबवली. सिल्व्हरटन तगलं, कारण इथल्या दगडात सोनंही होतं. पुढच्या वेळी फोर्टात टाकसाळीच्या भिंतीवरून जाताना हे आठवा.

चालायची हौस असेल त्यांनी एक सकाळ आइस लेकला द्यावी. सिल्व्हरटनच्या पश्चिमेला साउथ मिनरल क्रीकवरून वाट सुरू होते. जाऊन-येऊन सात मैल, चढ अडीच हजार फुटांच्या आसपास, तळं १२,२७० फुटांवर. चढ सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेपेक्षा थोडाच जास्त, पण दम दुप्पट लागतो. पहाटे साडेपाचला निघा. तळ्याचा निळा रंग फोटोत खोटा वाटतो, तो तसाच असतो. वाटेत निळीपांढरी कोलंबाईन फुलं दिसतील, तोडू नका. हा बेत तिसऱ्या दिवशीच ठेवा, अंगाला उंची सवयीची झाल्यावर. आणि ढग काळे दिसले तर तळं पाव मैलावर असलं तरी मागे फिरा.

रेड माउंटन पासवरून युरेकडे जाताना यांकी गर्ल खाणीचा उंच लाकडी मनोरा रस्त्यावरून दिसतो, थांबायला जागा आहे. युरेला गरम पाण्याच्या कुंडात तासभर पाय सोडून बसा, गंधकाचा वास नाही. वरच्या कॅम्प बर्ड खाणीने थॉमस वॉल्श यांना गडगंज केलं. त्यांच्या मुलीने, एव्हलिन यांनी, पुढे 'होप' नावाचा प्रसिद्ध हिरा घेतला, जो मुळात गोवळकोंड्याच्या मुलखातल्या खाणीतून निघालेला.

राहिली रेल्वे. १८८२ मध्ये ड्युरँगोहून सिल्व्हरटनला पोचलेली ४५ मैलांची ही लाइन तीन फुटी आहे, माथेरानच्या दोन फुटी लाइनपेक्षा रुंद. वाफेची इंजिनं १९२० च्या दशकातली. एका बाजूला साडेतीन तास लागतात. दोन्ही बाजूंनी ट्रेनने गेलात तर सगळा दिवस जातो आणि सिल्व्हरटनला हाती जेमतेम दोन तास उरतात. म्हणून एका बाजूने ट्रेन आणि दुसऱ्या बाजूने बस असं तिकीट घ्या. माझ्या मते ट्रेनचा पहिला मान सिल्व्हरटनहून खाली येण्याला : भरलेलं खनिज याच दिशेने जायचं. उघड्या डब्यात बसाल तर डोळ्यांवर चष्मा हवा. ड्युरँगोला उतरलात की नदीपलीकडे स्मेल्टर माउंटनच्या पायथ्याशी जा. तिथे भट्टी होती. नंतर त्याच जागी युरेनियमचं कामही झालं, अणुबाँबच्या प्रकल्पासाठीसुद्धा. तो गाळ हलवून जागा साफ केली गेली आणि आता तिथे लोक कुत्री फिरवतात.

एवढे दिवस नसतील, एकच दिवस हाताशी असेल, तर ट्रेन सोडून द्या. ड्युरँगोहून पहाटे पाचला गाडी काढा, सिल्व्हरटनला ठरवलेली जीप घ्या, आठला ॲनिमस फोर्क्स, अकराला मेफ्लॉवर मिल, डबा तिथेच बाहेर खा, एकला ओल्ड हंड्रेड, चारला पुतळ्याची टेकडी, ढग नसतील तरच. पेट्रोल सिल्व्हरटनमध्येच भरा आणि ड्युरँगोच्या वाटेवरचा मोलास पास उजेड असतानाच ओलांडा, अंधार पडला की रस्त्यावर हरणं येतात.